घोड्यावरून पडणे आणि घोड्याची लाथ: पहिल्या चोवीस तासांत काय पाहावे, काय करावे

घोड्यावरून पडलेला माणूस बहुतेक वेळा स्वतःच उठतो, कपडे झटकतो आणि 'काही झालं नाही' म्हणतो. बरेचदा ते खरेही असते. पण डोक्यातला रक्तस्राव किंवा पोटातल्या अवयवाला झालेली इजा पहिल्या तासात दिसेलच असे नाही. उठून चालता येणे म्हणजे दुखापत नाही, असे समजू नका. घरी थांबायचे की रुग्णालयात जायचे, हे ठरवण्यासाठी आणि असे अपघात टाळण्यासाठी घोडा पाळणाऱ्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना लागणारी माहिती या लेखात दिली आहे.

कोल्हापूर भागात घोडा अजून रोजच्या जगण्यात आहे. पन्हाळ्यावर आणि रंकाळ्याच्या काठी पर्यटकांना फिरवणारे घोडेवाले, शिवजयंतीच्या मिरवणुका, लग्नाच्या वराती, घोडागाडीच्या शर्यती, शिवाय हौसेने घोडा पाळणारी घरे. घोड्याचा अपघात इथे नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी यांचा १९१८ साली रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून मृत्यू झाला. ज्या घराण्यात घोडा रोजचाच, तिथेही हे घडले. सवय आणि कौशल्य यांमुळे अपघात कमी होतात, पण अंगावर आलेला मार त्यामुळे हलका होत नाही. त्या काळी सीटी स्कॅन नव्हते. आज आहे, पण रुग्ण वेळेत पोहोचला तरच त्याचा उपयोग.

थोडक्यात

- डोक्याला मार लागल्यावर बेशुद्धी, उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब रुग्णालयात जा.
- पोटावर किंवा बरगड्यांवर लाथ बसली असेल, तर बाहेर जखम नसली तरी डॉक्टरांकडून तपासून घ्या.
- मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर रुग्णाला उठवू नका. १०८ ला फोन करा.
- तबेल्यात किंवा मातीत झालेल्या प्रत्येक जखमेसाठी धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारा.
- घोडा चावला तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लसीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

ही दुखापत वेगळी का?

खोगिरावर बसल्यावर तुमचे डोके जमिनीपासून साधारण सात-आठ फुटांवर असते. दुचाकीवर बसलेल्या माणसापेक्षा हे बरेच उंच आहे. त्यात घोडा चौखूर उधळलेला असेल तर वेगाची भर पडते. मोठ्या घोड्याचे वजन ३०० ते ५०० किलो असते. तो अंगावर पडला किंवा त्याचा पाय पडला, तर सगळा भार शरीराच्या छोट्या भागावर येतो. लाथेचेही तसेच. नाल ठोकलेल्या खुराचा सगळा जोर तळहाताएवढ्या जागेवर बसतो. म्हणून कातडीवर नुसता वळ दिसतो आणि आत यकृत किंवा प्लीहा फाटलेली असू शकते.

घोड्याचे अपघात फक्त स्वारीतच होतात असेही नाही. खरारा करताना, चंदी घालताना, नाल ठोकताना, गाडीत चढवताना लाथ, चावा आणि चिरडण्याच्या दुखापती होतात. त्यामुळे घरातली जी माणसे कधीच घोड्यावर बसत नाहीत, त्यांनीही हे वाचावे.

पडल्यावर पहिली दहा मिनिटे

१. आधी घोडा सांभाळा. सैरावैरा पळणारा घोडा पडलेल्या माणसाला तुडवू शकतो. एकाने घोडा धरावा, दुसऱ्याने रुग्णाकडे जावे.

२. रुग्णाला ओढून उभे करू नका. 'ऊठ, ऊठ' म्हणत हात धरून उचलणे ही आपल्याकडची सर्वांत सामान्य चूक. मणक्याचे हाड मोडले असेल तर या एका ओढीने मज्जारज्जूला इजा होऊ शकते. त्याला पडल्या जागी शांत राहायला सांगा. मान दुखते का, हातपाय हलतात का, बधिरपणा आहे का, हे विचारा.

३. श्वास पाहा. बेशुद्ध रुग्ण श्वास घेत असेल आणि त्याला उलटी होत असेल, तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून दोघातिघांनी मिळून कुशीवर वळवा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाब द्या. मोठ्या माणसात सुमारे ५ सेंटीमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा. मदत येईपर्यंत थांबू नका.

४. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा. पुन्हा पुन्हा उचलून पाहू नका.

५. हेल्मेट काढू नका. श्वासाला अडथळा होत असेल तरच, मान न हलवता, दोघांनी मिळून काढावे.

६. पाणी, चहा किंवा खायला काही देऊ नका. शस्त्रक्रिया लागली तर भरलेले पोट धोक्याचे ठरते. गुंगीतल्या माणसाला पाणी पाजले तर ते फुप्फुसात जाऊ शकते.

७. १०८ वर फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. ठिकाण सांगताना जवळची ओळखीची खूण सांगा.

घोडा अंगावर पडला असेल आणि कंबर किंवा जांघेत दुखत असेल, तर रुग्णाला बसवू किंवा चालवू नका. ओटीपोटाचे हाड मोडल्यास आतल्या आत खूप रक्त जाऊ शकते.

डोक्याला मार

डोके आपटल्यावर दोन गोष्टी होऊ शकतात. पहिली, मेंदूला धक्का बसणे. यात थोडा गोंधळ, डोकेदुखी, चक्कर, पडतानाचे न आठवणे अशी लक्षणे दिसतात आणि विश्रांतीने बहुतेकांना बरे वाटते. दुसरी, कवटीच्या आत रक्तस्राव होणे. रुग्ण आधी बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येऊन नीट बोलतो, आणि काही तासांनी अचानक ढासळतो, असेही घडते. मधला हा बरा वाटण्याचा काळ नातेवाइकांना फसवतो.

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर लगेच रुग्णालय गाठा:

- काही क्षण का होईना, शुद्ध हरपली होती
- एकापेक्षा जास्त उलट्या
- वाढत जाणारी डोकेदुखी
- न ओसरणारी गुंगी, उठवायला त्रास, तेच तेच विचारणे
- झटका किंवा आकडी
- नाकातून किंवा कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव
- एक बाहुली मोठी दिसणे, दोन-दोन दिसणे
- बोलण्यात अडखळणे, हात किंवा पाय लुळा वाटणे

रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि ६५ वर्षांवरील व्यक्ती यांनी लक्षणे नसली तरी तपासणी करावी. वृद्धांमध्ये रक्तस्राव हळूहळू साठतो आणि दोन-तीन आठवड्यांनीही डोकेदुखी, विसराळूपणा किंवा चालण्यातला बदल दिसू शकतो. आजोबा महिन्यापूर्वी पडले होते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

डॉक्टरांनी घरी पाठवले तरी पहिले चोवीस तास रुग्णाला एकटे ठेवू नका. झोपू द्यायला हरकत नाही, पण रात्री दोन-तीनदा उठवून नाव, दिवस, ठिकाण विचारा. डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल चालते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका. दारू पूर्ण बंद. दारूची गुंगी आणि मेंदूतल्या रक्तस्रावाची गुंगी यांतला फरक घरी कळत नाही.

पोट, छाती आणि बरगड्या

डाव्या बरगड्यांखाली प्लीहा आणि उजव्या बरगड्यांखाली यकृत असते. दोन्ही अवयवांत रक्त भरपूर असते. लाथ बसल्यावर प्लीहेला चीर गेली तर रक्तस्राव लगेच सुरू होऊ शकतो किंवा काही दिवसांनीही होऊ शकतो. पोटदुखी वाढणे, पोट कडक होणे, डाव्या खांद्याच्या टोकाला दुखणे, चेहरा पांढरा पडणे, घाम, धाप, चक्कर, लघवीतून रक्त ही धोक्याची लक्षणे आहेत. खांद्याला मार नसताना खांदा दुखतो, कारण पोटात साठलेले रक्त श्वासपटलाला टोचते आणि ती वेदना खांद्यात जाणवते.

लहान मुलांच्या बरगड्या लवचिक असतात. त्या न मोडताही आतला अवयव फाटू शकतो. मुलाच्या पोटावर लाथ बसली असेल तर सोनोग्राफी किंवा डॉक्टरांनी सांगितल्यास सीटी स्कॅन करून घ्या. पहिली तपासणी ठीक आली तरी डॉक्टर काही तास रुग्णालयात थांबायला सांगतात. त्याला पैसे काढण्याचा प्रकार समजू नका. पोटातला रक्तस्राव ओळखण्याचा तोच मार्ग आहे.

हात, पाय आणि बोटे

पडताना आपण हात पुढे टेकतो, म्हणून मनगट, कोपर आणि गळपट्टीचे हाड सर्वाधिक मोडते. हाड वाकडे दिसत असेल, बोटे थंड किंवा निळी पडत असतील, तर विलंब नको. सरळ करण्याचा प्रयत्न न करता आहे त्या स्थितीत फळी किंवा जाड पुठ्ठा लावून बांधा.

आपल्याकडे तालमीची परंपरा आहे, त्यामुळे मुरगळल्यावर चोळण्याची सवयही आहे. ताज्या दुखापतीवर तेल चोळणे, वीट गरम करून शेकणे किंवा एक्स-रेआधीच हाड बसवून घट्ट पट्टी बांधणे टाळा. चोळण्याने आणि शेकण्याने सूज व रक्तस्राव वाढतो. घट्ट पट्टीने रक्तपुरवठा थांबून हात किंवा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी १५ ते २० मिनिटे, पुरेसा आहे.

दोर हाताला गुंडाळून घोडा धरणे फार धोक्याचे. घोडा बुजून मागे सरला की दोर आवळतो आणि बोट तुटते किंवा कातडी सोलून निघते. बोट तुटलेच तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नका. रुग्ण आणि बोट दोन्ही शक्य तितक्या लवकर न्या. मधले तास महत्त्वाचे आहेत.

धनुर्वात, रेबीज आणि इतर संसर्ग

धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतात. जखम छोटी असली, खिळा टोचला असला, तरी धोका असतो. वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुवा. तिच्यात हळद, चुना, माती, तंबाखू भरू नका. पूर्वी लसीचे सर्व डोस झाले असतील तरी घाण जखमेच्या वेळी शेवटच्या डोसला पाच वर्षे उलटली असल्यास बूस्टर लागतो. लस कधीच घेतली नसेल किंवा आठवत नसेल, तर लसीसोबत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागू शकते. घोडे सांभाळणाऱ्या प्रत्येकाने दर दहा वर्षांनी बूस्टर घ्यावा.

रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो, हा गैरसमज आहे. पिसाळलेले कुत्रे घोड्याला चावले तर घोड्यालाही रेबीज होतो. घोड्याने चावून रक्त काढले असेल तर लस आणि गरजेनुसार इम्युनोग्लोब्युलिन लागते. लसीचे सर्व डोस ठरल्या दिवशी पूर्ण करा. घोडा गिळू शकत नसेल, लाळ गाळत असेल, एकाएकी आक्रमक झाला असेल, तर 'घशात काही अडकले असेल' म्हणून त्याच्या तोंडात हात घालू नका. पशुवैद्यकांना बोलवा.

ग्लँडर्स हा घोड्यांचा आजार माणसालाही होऊ शकतो. महाराष्ट्रात २००६ साली घोड्यांमध्ये त्याची साथ आढळली होती. घोड्याच्या नाकातून घट्ट चिकट स्राव, अंगावर गाठी व फोड, ताप दिसल्यास त्याला वेगळे बांधा, त्याची भांडी वेगळी करा आणि पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यात कळवा. रक्ताचे नमुने हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात. अशा घोड्याच्या सहवासातल्या माणसाला ताप किंवा न भरणारी जखम झाली, तर घोड्याच्या आजाराची माहिती डॉक्टरांना द्या.

रुग्णालयात काय होते?

अपघात असल्याने रुग्णालय पोलिसांना कळवून नोंद करते. ही नेहमीची पद्धत आहे, तिला घाबरून दुसरीकडे जाऊ नका आणि अपघाताची माहिती लपवू नका. घोडा कोणता, वेग किती, कशावर पडला, लाथ कुठे बसली, किती वाजता घडले, रुग्ण किती वेळ बेशुद्ध होता, हे जितके नेमके सांगाल तितकी तपासणी अचूक होते. 'जिन्यावरून पडला' असे सांगितले तर डॉक्टर पोटावरची लाथ शोधणारच नाहीत.

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, हे वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले सरकारी रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अपघाती दुखापतींचे अनेक उपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा, पण कागद नाहीत म्हणून रुग्णाला नेण्यास उशीर करू नका.

अपघात कसे टाळावेत?

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, असे आपण गमतीने म्हणतो. घोड्यापुरते ते शब्दशः खरे आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, पण अगदी मागचे आणि नाकासमोरचे दिसत नाही. न दिसणाऱ्या जागेतून कोणी आले की तो आधी लाथ मारतो, मग पाहतो. जवळ जाताना खांद्याच्या बाजूने, बोलत जा. कान मागे चिकटलेले, शेपटी आपटत असलेली, मागचा पाय उचललेला दिसला तर थांबा.

स्वारीपूर्वी:

- हेल्मेट घाला. घोडेस्वारीचे प्रमाणित हेल्मेट उत्तम. फेटा किंवा टोपी डोके वाचवत नाही. एकदा आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदला.
- टाच असलेले बंद बूट घाला. कोल्हापुरी चप्पल घालून घोड्यावर बसू नका. पाऊल रिकिबीतून आरपार जाऊन अडकले, तर पडल्यावर घोडा फरफटत नेतो.
- रिकिबीत पावलाचा फक्त पुढचा भाग ठेवा.
- तंग दोनदा तपासा. खोगीर कसताना घोडा पोट फुगवतो. चार पावले चालवून पुन्हा कसा.
- लगाम, रिकिबीचे पट्टे आणि शिवण रोज पाहा.

घोड्याला तयार करताना:

- बरेच दिवस बांधून ठेवलेल्या आणि भरपूर चंदी खाल्लेल्या घोड्यावर थेट बसू नका. आधी लांब दोरावर गोल फिरवून त्याचा जोर उतरवा.
- हलगी, डीजे, फटाके, प्लॅस्टिकचा कागद, मोटारसायकल यांची सवय दुरून आणि थोडी थोडी करा. बुजला म्हणून चाबूक मारला, तर आवाज म्हणजे मार असे त्याच्या मनात बसते आणि पुढच्या वेळी तो जास्त बुजतो.
- अशी सवय नसलेला घोडा वरातीत किंवा मिरवणुकीत नेऊ नका. त्यावर लहान मूल बसवणार असाल, तर मुलाच्या डोक्यावर हेल्मेट, घोड्याच्या तोंडाशी मोतद्दार आणि बाजूने धरायला एक माणूस हवा. घोड्याजवळ फटाके लावू देऊ नका.

पन्हाळा किंवा मसाई पठारासारख्या ठिकाणी:

- पावसाळ्यात शेवाळलेला जांभा दगड आणि फरशी यांवर नाल घसरते. अशा जागी उतरून घोडा हाताने चालवा. तीव्र उतारावर दौडवू नका.
- एकटे जाऊ नका. वाट आणि परतण्याची वेळ घरी सांगून जा. फोन खोगिराच्या पिशवीत नको, खिशात हवा. तुम्ही पडल्यावर घोडा फोन घेऊन पळेल.
- दोन घोड्यांत किमान एका घोड्याएवढे अंतर ठेवा.
- डांबरी रस्त्यावर तिन्हीसांजेनंतर चमकणारा पट्टा घाला, घोडागाडीच्या मागे लाल परावर्तक लावा.
- पर्यटकांनी सेल्फीसाठी लगाम सोडू नये आणि मुलाला मांडीवर घेऊन बसू नये.

कोणी घोड्यावर बसू नये?

गर्भवती, मिरगी नियंत्रणात नसलेले, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, हाडे ठिसूळ झालेले, नुकतीच मणक्याची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेले यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बसू नये. दारू पिऊन कोणीच बसू नये.

पुन्हा घोड्यावर कधी बसावे?

मेंदूला धक्का बसला असेल, तर सर्व लक्षणे पूर्ण जाईपर्यंत नाही. त्यानंतरही आधी चालणे, मग हलका व्यायाम, मग तबेल्यातली कामे आणि डॉक्टरांच्या परवानगीने शेवटी स्वारी, असे टप्प्याटप्प्याने जा. पहिला धक्का बरा होण्याआधी दुसरा बसला तर तो जिवावर बेतू शकतो. मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त वेळ द्या. हाड मोडल्यास साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. नेमका काळ हाडावर आणि एक्स-रेवर ठरतो. प्लीहा किंवा यकृताला इजा झाली असल्यास काही महिने लागू शकतात.

घोडा हेच पोटाचे साधन असेल तर ही विश्रांती अवघड असते, याची आम्हाला जाणीव आहे. हंगामात पन्हाळ्यावर एक दिवस घोडा उभा राहिला तर तेवढी कमाई बुडते. म्हणून घरात आधीच ठरवून ठेवा की तुम्ही पडलात तर घोडा कोण सांभाळेल. ती सोय असेल तर अर्धवट बरे होऊन परत खोगिरावर चढण्याची वेळ येणार नाही.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या दुखापतीबाबतचा निर्णय प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. शंका असेल तर घरी वाट पाहू नका, रुग्णालयात जा.